परीक्षा घेणारी बाई

तळोद्याच्या बँकेत मी काउंटरवर होतो तेव्हाची गोष्ट. ग्राहकांशी कसं वागावं याचं प्रशिक्षण देऊन आम्हाला परत पाठवताना साहेब हसत म्हणाले, "शिकलात की नाही ते आम्ही बघणार आहोत. आमचा माणूस ग्राहक बनून येईल. कधी, ते सांगणार नाही."

झालं. त्या दिवसापासून शाखेत अनोळखी माणूस शिरला की आम्ही एकमेकांकडे बघायचो. चष्मा लावलेला शेतकरी दिसला तरी माझा जीव धास्तावायचा.

अशात एका सकाळी धडगावकडची एक बाई माझ्यासमोर उभी राहिली. पाय धुळीने माखलेले, पण मराठी पुस्तकातल्यासारखं स्वच्छ.

"नवरा वारला. त्याच्या खात्यातले पैसे मला मिळायला हवेत. मागे आले तर तुमच्या लोकांनी दारातूनच परत पाठवलं."

प्रशिक्षणात आम्हाला करून दाखवलेला प्रसंग हुबेहूब असाच होता. शेजारचा सहकारी माझ्या कानाशी वाकला. "तीच शे, भाऊ. बोलणं पाह्य ना तिचं."

मी उभा राहिलो. तिला खुर्ची दिली, पाणी मागवलं, अर्ज स्वतः भरायला घेतला. ती पाण्याला शिवली नाही. मी भरत असलेल्या प्रत्येक ओळीवर तिची नजर होती. ही सगळं टिपून घेत असणार, अशी माझी खात्रीच झाली.

"इथे अंगठा द्या," मी शक्य तितक्या गोड आवाजात म्हणालो.

तिने हात पदराखाली घेतला. "तेव्हा दारातून हाकललंत. आज पाणी पाजता. का? नवऱ्याची जमीन तर लिहून घेत नाही ना?"

हाही परीक्षेचाच भाग असेल का? काही बोलायच्या आत ती उठली आणि बाहेर जाऊन, ज्याच्या जीपने गावाहून आली होती त्या जीपवाल्याला घेऊन आली. त्याने अर्ज मोठ्याने वाचला, तिला तिच्या बोलीत समजावला, तेव्हा कुठे अंगठा उमटला. बोलता बोलता जीपवाल्याने सांगितलं की ती आश्रमशाळेत स्वयंपाकीण आहे. पोरांमध्ये राहून मराठी शिकली. माझा त्यावरही विश्वास बसला नाही. पण रेंगाळायची हिंमत नव्हती. कागद फिरले, काम झालं.

काही दिवसांनी मॅनेजरांनी निकाल सांगितला. आमची शाखा उत्तम. प्रशिक्षण परिणामकारक. परीक्षा घेणारा माणूस लॉकरची चौकशी करायला आला होता, आणि तो त्या बाईच्या आधीच येऊन गेला होता! कोणाला आठवेना. आम्ही त्याच्याशी नेमके कसे वागलो, कशाला उत्तम म्हणाले, कोण जाणे. तो निकाल मला आजही पटलेला नाही.

"आता बसून राह्य," सहकारी म्हणाला. "संपनी परीक्षा."

पुढच्या महिन्यात ती बाई पुन्हा आली. सोबत गावच्या दोन विधवा आणि तोच जीपवाला. माझ्याकडे बोट दाखवून ती त्या दोघींना काहीतरी म्हणाली. तिघी मला निरखत राहिल्या.

"काय म्हणते?" मी जीपवाल्याला विचारलं.

तो जरा घुटमळला. "म्हणते, हा माणूस चांगला का वाईट ते कळत नाही. पण काम करतो. अंगठा मात्र वाचून घेतल्याशिवाय देऊ नका."

मी आणखी दोन खुर्च्या ओढल्या आणि अर्ज आधी जीपवाल्याच्या हातात दिले.