चुकीचं तोंड

"मुलांनो, हे बघा. असं तोंड करायचं नाही," मॅडम म्हणल्या आन् लाकडी पट्टी माझ्या हनुवटीला लावली.

मी कुसगावच्या एका बंगल्यावर माळी. हातात पाण्याची नळी. शनिवारी तितं पुण्या-मुंबईच्या बारक्या पोरांना फ्रेंच शिकवत्यात. त्यात एक स्वर हाय. ओठ 'ऊ'चं करायचं आन् आतनं 'ई' काढायची. मॅडमनी गंमत म्हणून मला म्हणाय लावलं. रेडकू हरवलेली म्हैस रेकती, तसा आवाज निघाला. पोरं हसून लोळली.

त्या दिसापासनं दर शनिवारी हाक. "भाऊ, या. चुकीचं दाखवा." मी पळत जायचो. पुढचं दोन दात न्हाईत, ते खिंडार बी दावायचो. वर चहा-बिस्किट. मला वाटायचं, मी लाडका हाय.

खरं सांगू? तिसऱ्याच शनिवारी मला तो स्वर यायला लागलेला. झाडांना पाणी घालताना म्हणायचो, बरोब्बर. मॅडमपुढं गेलो की तोंड वाकडं. हसू थांबलं तर मला कोण इचारतंय?

माझी पोरगी पहिलीला. ती बी पायरीवर बसून बघायची. एक दिस तिच्या शाळंतल्या बाईंनी मला बोलावलं. "हिला वाचता येत नाही. तोंड वेडंवाकडं करून सगळ्यांना हसवते."

घरी पुस्तक पुढं ठेवलं. पोरीनं घडाघडा वाचलं.

"मग शाळंत का गं न्हाई?"

"चुकलं की समदी हसत्यात, आप्पा. तुमच्यावानी."

एवढ्या शनिवारांत लाजलो न्हाई, तेवढा तिच्या त्या एका शब्दाला लाजलो.

पुढच्या शनिवारी हाक आली. पोरगी पायरीवरच. मी ओठ 'ऊ'चं केलं, 'ई' काढली. नीट. कुणी हसलं न्हाई.

मॅडम कुजबुजल्या, "भाऊ, असं नाही. नेहमीसारखं करा ना."

"मला येतंय, मॅडम. लय दिसापासनं. चुकीचं आता तुमीच करून दावा."

चहा बंद झाला. मालक म्हणतोय, "तुला लय माज आलाय, काढून टाकीन." काढू दे. खड्डं खणीन, शेण उचलीन. इनोद बी करीन, ती खोड मरंस्तवर जायची न्हाई. पर जे येतंय, ते येत न्हाई म्हणून दावणार न्हाई.

पोरीला बी सांगितलंय. येतंय ते मोठ्यानं म्हण. कुणी हसलं न्हाई, तरी म्हण.