बोहारणीकडची नीलू

"ऑटिझम," डॉक्टर म्हणाले. दुसऱ्याच्या मनात काय चाललंय ते या मुलांना आपोआप उमगत नाही, असं त्यांनी समजावलं. "थट्टा-मस्करी हिला कळायची नाही. आणि बाई, आईची माया कमी पडली की असं होतं."

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. अंबरनाथहून मुंबईच्या त्या ओपीडीत सहा वर्षांच्या नीलूला मी कडेवर घेऊन जायची, ती काय हौस म्हणून? ते वाक्य मी अजून माफ केलेलं नाही. तुमच्या मुलाबद्दल तुम्हाला कोणी असं ऐकवलं, तर सरळ उठून या.

शेजारचे सामंतकाका बिल्डिंगमधल्या प्रत्येक पोराला चिडवायचे, "तुला आईनं जुन्या साड्या देऊन बोहारणीकडून घेतलंय." बाकीची पोरं खिदळायची. नीलूनं ते खरं मानलं.

एका दुपारी बोहारीण भांड्यांची टोपली घेऊन आली, तर नीलू स्वतःच्या फ्रॉकचं गाठोडं बांधून तिच्यापुढे उभी. रडून डोळे सुजलेले. "मला परत न्यायला आलात ना?"

काका गॅलरीतून हसत होते. "अहो वहिनी, गंमत केली."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पोरीचा जीव जातो आणि यांची गंमत होते.

मग आम्हीच शिकवायला बसलो. मी डोक्यावर पातेलं घालून भाजी चिरायची. हे माझा परकर नेसून म्हणायचे, "चाललो ड्यूटीला." नीलू म्हणायची, "खोटं." आम्ही सांगायचो, दोघांनाही खोटं आहे हे माहीत असतं आणि दोघंही हसतात, ती गंमत. वर्ष गेलं. नातेवाइकांनी आम्हालाच वेड्यात काढलं. तुम्हालाही काढतील, खुशाल काढू द्या.

पुढे एकदा काका जुन्या पँटी घेऊन जिन्यापाशी बोहारणीशी घासाघीस करत होते. नीलू खाली उतरली आणि काकांकडे बोट दाखवून म्हणाली, "ह्यांना घ्या. एक चमचा द्या."

बोहारणीनं काकांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "लई जुना माल हाय. चमचा बी नाय परवडत."

नीलू हसली. मीही हसले, आणि हसता हसता रडले.

"पोरगी आगाऊ झालीय तुमची," असं म्हणून काका तरातरा वर गेले.

नीलू विचारात पडली. "काका हसले नाहीत. मग ती गंमत नव्हती?"

"गंमतच होती," मी म्हटलं. "काकांना उमगत नाही गं आपोआप. शिकवावं लागेल."