सहा नंबरचं गाव

मंजूषा घोरपडे मूळच्या सांगलीच्या. तिथल्या एका सल्लागार कंपनीत त्यांनी अकरा वर्षं नकाशे काढले. बिल्डर म्हणेल तिकडे साहेब पूररेषा सरकवायचे आणि कृष्णामाई पावसाळ्यात ती परत जागेवर आणून ठेवायची. नवऱ्याला, शैलेंद्रला, नेदरलँड्समध्ये नोकरी लागली तेव्हा बाई चव्वेचाळीसच्या. वाखनिंगनच्या एका छोट्या कंपनीत त्यांना पुन्हा पूरनकाशांचंच काम मिळालं. सायकल शिकताना दोनदा कालव्यात पडल्या. घरी सांगितलं, "खोली मोजत होते."

गेल्या वर्षी थायलंडमधल्या चाओ फ्राया नदीकाठचा एक आम्फो त्यांच्या वाट्याला आला. आम्फो म्हणजे आपला तालुका. त्यात सात तांबोन, म्हणजे गावांचे गट, आणि प्रत्येक गावाला नंबर. पूर येणार असला की गावकऱ्यांच्या फोनवर इशारा जायला हवा होता. सगळी गावं नकाशावर बसली. तिसऱ्या तांबोनमधलं सहा नंबरचं तेवढं यादीत होतं, नकाशावर नव्हतं.

"खोडून टाक," साहेब मार्टाइन म्हणाला. "उपग्रहाला दिसत नाही म्हणजे नाही."

"उपग्रहाला माझी सासूही दिसत नाही. म्हणून ती नाही का?"

पाण्यावरून डच माणसाशी वाद घालणं म्हणजे पैलवानाला लंगोट बांधायला शिकवणं. बाईंनी वाद सोडला आणि जेवणाच्या सुट्टीत चौकातलं थाई हॉटेल गाठलं. तिथे नूडल्स परतणाऱ्या नोकला दुभाषी केलं आणि त्या तांबोनच्या कामनानला, म्हणजे पाटलीणबाईंना, फोन लावला. सोमजाई त्यांचं नाव.

"सहा नंबर नदीपलीकडे आहे," सोमजाई म्हणाल्या. नोक एका हाताने कढई हलवत सांगत होती. "पणज्याच्या काळी नदीचं वळण टाळायला कुणीतरी कालवा खणला. नदीला तोच आवडला. गाव जागेवरच राहिलं, नदीच इकडून वाहायला लागली."

"मग पलीकडच्या आम्फोत का नाही घातलं?"

"ते म्हणतात तुमचं. आमचे मोठे साहेब म्हणतात बघू. बघता बघता चार साहेब बदलले. दाखल्याला लोक होडीने येतात."

मंजूषाबाईंना एकदम माहेरी आल्यासारखं वाटलं. पण लगेच खरी अडचण ध्यानात आली. कॉम्प्युटरने आम्फोची हद्द नदीपाशी कापली होती. पलीकडच्या यादीत गाव नव्हतं. म्हणजे इशारा कुणीच देणार नव्हतं.

"तीन आठवड्यांनी मीटिंग ठेवू," ऑफिसात हे ऐकून मार्टाइन म्हणाला.

"ठेव. तोवर या नकाशावर माझी सही मिळणार नाही. पाठवायचं तर तुझ्या सहीने पाठव."

मार्टाइनने सही केली नाही. उपग्रहाच्या फोटोत पलीकडचा काठ उघडला आणि नारळांखालची छपरं मोजली. एकशे बारा. कानापर्यंत लाल होऊन त्याने गाव स्वतः नकाशात घातलं.

ऑक्टोबरमध्ये पाणी चढलं. दोन दिवसांनी नोकच्या हॉटेलात सोमजाईंचा फोन आला. इशारा वेळेवर मिळाला होता. लोक डुकरं, फ्रिज, एक नवा कोरा पलंग घेऊन उंचावरच्या देवळात गेले. बहुतेक घरांत कंबरभर पाणी, माणसं सगळी सुखरूप.

"फक्त एक म्हातारी तुम्हाला शिव्या देतेय," सोमजाई म्हणाल्या. "तिला खुर्चीसकट उचलून नेलं आणि पाणी तिच्या उंबऱ्यापर्यंत आलंच नाही."

"देऊ दे," बाई म्हणाल्या आणि हसता हसता रडल्या.

पुढे एका परिषदेत मार्टाइनने ते गाव आपणच शोधल्यासारखं सांगितलं. बाई पहिल्या रांगेत बसून एकट्याच इतका वेळ टाळ्या वाजवत राहिल्या, की शेवटी त्याला त्यांचं नाव घ्यावंच लागलं.