दादाच्या नावावर माझा राग

“पर साहेब, हे मोजताय कशापायी?”

एवढंच विचारलं होतं मी. साहेबानं मान वर केली नाही, शेजारच्या कारकुनानं टाक दौतीत बुडवला, आणि त्याचं उत्तर मला अजून मिळायचंय. चहा घ्या तुम्ही, निवतोय. काय माती खाल्ली ते सांगतो. हसू आलं तर हसा, मी राग धरणार नाही. माझा राग खर्चून झालाय, कसा ते कळेलच.

आमचा शंकरदादा अंगानं रेडा आणि मनानं कोकरू. बैल अडून बसला तर चाबूक ठेवून त्याची समजूत काढायचा. घरात कोंबडी कापायची म्हटलं की ह्याला नेमकं रानात काम निघायचं. आणि मी? माझा हात तोंडाच्या आधी चालायचा. चौथीत मास्तरांवर पाटी फेकली आणि शाळेला कायमचा रामराम केला. पुढं दादानंच मला भिंतीवर कोळशानं नाव गिरवायला शिकवलं.

मग तुरुंगात दादा कसा, असं विचाराल. पाटाच्या पाण्यावरून गणपा शेजाऱ्याचं डोकं मी फोडलं. पाठीमागून, अंधुक उजेडात. कुणी मारलं ते त्यालाही दिसलं नाही. फौजदार आला तसा दादा पुढं झाला. “म्या मारलं.” मला मागं ढकलून कानाशी म्हणाला, “तू गप रं. तुझा आत दोन दिस निभाव लागायचा न्हाई.”

दादाला दोन वर्षांची सजा झाली. तुरुंगाचं नाव सांगत नाही, त्यानं काही बदलायचं नाही.

लढाईचे दिवस होते. साताऱ्यापासून सांगलीपर्यंत प्रत्येक चहाच्या दुकानात एकच बोलवा, की कैद्यांना पलटणीत घेतात आणि सजा माफ करतात. आमच्याकडे घराआड एक माणूस पलटणीत. भरतीवाला साहेब पोराबद्दल विचारतो तेव्हा बाप काय सांगतो? ‘लय मारका हाय’ असंच सांगतो. पोरगं लाजाळू आहे, असं कुठला बाप सांगेल?

तर मी भेटीला गेलो, आणि फाटकाच्या खोलीत खाकी टोपीतला साहेब. गळ्यात छाती मोजायची फीत. पुढ्यात कागद. कैदी किती भांडखोर ते मोजायचं, वीसपैकी मार्क द्यायचे, असं कारकून म्हणाला. घरच्यांनाही विचारत होते. कशापायी, ते मी विचारलं. सांगितलंच आहे काय झालं ते. पण फीत बघून मी मनात ओळखलं. भरती. आणि छाती फुगवून बसलो.

“भावाला राग लवकर येतो का?”

“आवं, येतो कसला, जातच न्हाई.”

“कुणाला मारलंय का, ह्या गुन्ह्याआधी?”

आता दादाची मारामारी आणायची कुठून? माझ्याच काढल्या. सांगलीच्या पेठेत गुळाच्या गाडीवरून हमालाचा दात पाडला, ती दिली. चौथीत मास्तरांवर फेकलेली पाटी दिली. जत्रेत तिघांना नाल्यात ढकललं होतं. दोघेच होते, पण दादासाठी एक वाढवला. कारकुनाचा टाक थांबेना. वीसपैकी अठरा पडले. अठरा! मला आयुष्यात कशात एवढे पडले नव्हते.

आत दादा जाळीपलीकडे होता. मी सगळं ऐकवलं. तो आधी हसला.

“तुजं समदं माज्या नावावर घातलंस व्हय रं?”

“पलटणीत घेतील तुला.”

“आरं येड्या, ज्याला जास्त मार्क त्याला बेडी घालत्यात. येगळ्या कोठडीत टाकत्यात.” मग म्हणाला, “ऱ्हाऊ दे. आईला नको सांगूस.”

मी तसाच माघारी पळालो. साहेब निघून गेला होता. कारकुनाला म्हटलं, “ती समदी कामं माजी हायती. दादा गाय हाय. डोकंबी म्याच फोडलं. मला घाला आत.”

खोटं सांगत होतो तेव्हा ओळ न् ओळ लिहून घेणाऱ्या त्या माणसानं टाक खाली ठेवला. “भावाला सोडवायला आलेला तू ह्या आठवड्यातला चौथा.”

मग काय झालं असेल? मी टेबलावर मूठ हाणली. दौत सांडली. त्यानं शाई टिपली, कागद पुढं ओढला आणि अठराचे एकोणीस केले. म्हणाला, “घराणंच तापट.”

दादाला दंडाबेडी घातली. पावसाळ्यात ताप भरला. मारका कैदी म्हणून चार शिपाई असल्याशिवाय त्याच्या कोठडीचं दार उघडायचं नाही, असा हुकूम होता. त्या दिवसांत चार शिपाई मोकळे सापडत नव्हते. डॉक्टर गजाबाहेरूनच ताप बघून जायचा. हे मला तिथल्याच एका शिपायानं सांगितलं, मान खाली घालून. “लय गरीब होता गड्या. पाणी दिलं की हात जोडायचा.”

मी न्यायला गेलो तेव्हा तोच कारकून होता. तोच कागद होता. वर कैद्याचं नाव, खाली एकोणीस, त्याखाली मयत. “प्रेत मिळालं, म्हणून इथं तळाला सही कर,” म्हणाला.

मी टाक घेतला. वरचं शंकरचं नाव खोडलं आणि तिथं, दादानं कोळशानं गिरवून घेतलं होतं तसं, एक एक अक्षर लावून माझं नाव लिहिलं.

कारकुनानं कागद फिरवून बघितला. “चौथीपर्यंत शिकलास ना रे? सही कुठं करायची तेवढंही कळत नाही?”