मावशी हयात असल्याची नोंद

हॉस्पिटलच्या नोंदणी विभागातल्या बाई सहसा घाबरत नसत. कागदांची कपाटं जाऊन संगणक आले, तेव्हाही त्या पदर खोचून शिकल्या होत्या. पण त्या सकाळी त्यांच्या पायाखालची जमीन सरकली.

नव्या पद्धतीचं प्रशिक्षण चालू होतं. आजवर संगणक नोंदी नुसत्या साठवत होता. आता त्याला त्यांचा अर्थ कळणार होता.

"त्याला नाती शिकवायची," शिकवायला आलेले सर म्हणाले. "माणूस म्हणजे काय, आजार म्हणजे काय, कोण कुणाशी कसं जोडलेलं. हा ज्ञानाचा आराखडा पक्का झाला, की न सांगितलेलं तो स्वतः ताडतो. आईला वारशानं येणारा आजार असेल, तर मुलांना तपासा म्हणेल. आणि सगळी ऑफिसं एकाच जाळ्यात जोडलेली, त्यामुळे इथलं तिथेही समजेल."

सरावासाठी घरचीच माणसं भरायची होती. बाईंनी पहिला नियम ठोकून दिला: प्रत्येक माणसाला आई एकच. मग स्वतःची आई भरली. ती त्यांच्या लहानपणीच गेली होती, तेही नोंदवलं. पुढे हात अडखळला. मावशीला कुठे बसवायचं? वेण्या घालण्यापासून नोकरीच्या मुलाखतीला सोबत येण्यापर्यंत सगळं तिनं केलेलं. बाईंनी तिलाही आईच्याच रकान्यात बसवलं आणि बटण दाबलं. मावशी त्या वेळी वरच्याच मजल्यावर दाखल होती. दुपारी डोळ्याचं ऑपरेशन होतं.

यंत्रानं हूं की चूं केलं नाही. फोन मात्र वाजला. वॉर्डच्या सिस्टर होत्या.

"ताई, तुमच्या मावशींचं नाव ऑपरेशनच्या यादीतून गेलं! वारल्या असं दाखवतंय. आणि त्या इथे चहासाठी माझ्याशी भांडतायत!"

बाई सरांकडे वळल्या. "सर, काय झालं हे?"

सरांनी पडद्यावर नजर फिरवली आणि त्यांचाही चेहरा पडला. "आई एकच, असं तुम्ही सांगितलंत. मग दोन नावं दिलीत. त्यानं धरलं, ही एकाच बाईची दोन नावं. एक वारलेली, म्हणजे दुसरीही वारलेली."

"अहो, पण दोन नावं म्हणजे दोन माणसं, एवढंही कळत नाही त्याला?"

"नाही. वेगळ्या आहेत हे सांगावं लागतं."

घरातल्या पडद्यांच्या रंगावरूनही ज्यांचं कधी एकमत झालं नाही, त्या दोघी बहिणी एकच!

"पण हा सराव होता ना?"

"सरावच. पण खऱ्या नोंदींवर चाललाय, हे मलाही आत्ता कळतंय. दुपारच्या आत सुधारा. नाहीतर पेन्शन ऑफिसातही त्या गेल्या!"

सुधारायचं म्हणजे मावशीचं नाव आईच्या रकान्यातून पुसायचं. बाईंचं बोट उचलेना. शेवटी त्यांनी वॉर्डात फोन लावून मावशीला फोनवर बोलावलं.

"काय गं, मारलंस म्हणे मला? निदान चहा तरी पिऊ द्यायचा!"

"मावशी, तुला आईच्या रकान्यातून काढावं लागतंय गं."

"मग काढ की! मी काय त्या रकान्यात राहायला होते?"

बाईंना हसू आणि रडू एकदमच आलं. त्यांनी नाव काढलं. दोघी वेगळ्या आहेत, हे ठणकावून लिहिलं. मग नवं नातं तयार केलं: वाढवणारी. एका माणसाला किती असू शकतात? कितीही. यंत्रानं लगेच पुढचं विचारलं: याचं उलटं नातं काय?

"लेक," बाई टाइप करू लागल्या.

"अहो, नको!" सर ओरडले. "लेक म्हटलंत की तो पुन्हा तिला आई धरेल!"

फोन अजून चालूच होता. "अडलीस कुठे?" मावशीनं विचारलं.

"वाढवणारीच्या समोर कोण लिहू? तुझी मी कोण?"

"त्यात काय विचारायचं? कटकट!"

सर नको म्हणेपर्यंत बाईंनी ते लिहूनही टाकलं. नाव यादीत परत आलं. दुपारी सिस्टरचा पुन्हा फोन.

"ताई, नेतोय हो त्यांना आत. पण नातेवाइकांत तुमच्या नावापुढे काहीतरी भलतंच छापलंय. खोडू का?"

"हात लावू नका," बाई म्हणाल्या. "बरोबर आहे ते."