शैलाचा परवाना

सुके बोंबील भाजले की वर्सोव्याहून होडीने मढला गेलो होतो ती सकाळ आठवते. माझी मैत्रीण शैला हिने हौशी रेडिओचा परवाना नुकताच मिळवला होता. बोंबील वाळवायच्या काठीला तिने तार बांधली, घरी जुळवलेला रेडिओ बॅटरीला जोडला आणि कोलंबोतल्या एका माणसाशी चक्क गप्पा मारू लागली. मी नुसता जळत होतो.

"मला दे ना, एकच वाक्य बोलतो!"

"परवाना कुठाय तुझा? 'लहरी जनतेच्या, सरकारी परीक्षेवर बहिष्कार', हे पत्रक कोणी वाटलं रे?"

"तत्त्व आहे ते माझं!"

"मग ऐक गुपचूप."

तिला अजून सांगितलेलं नाही. पत्रक छापण्याआधी मी ती परीक्षा देऊन नापास झालो होतो.