ऑस्करचे दोन डोळे

"एक डोळा की दोन?" हिरामावशीने मला विचारलेला हा पहिलाच प्रश्न. मी तिच्या दुकानात माशाच्या डोळ्याचं औषध मागायला गेलो होतो. आधी डावा सुजला, आता उजवाही धुरकट दिसतोय, असं मी सांगितलं. तिने औषधाची बाटली फळीवर परत ठेवली आणि दुकानाला कुलूप घातलं. "चल, दाखव," म्हणाली.

हिरामावशी मिरकरवाड्याची. तिचा उभा जन्म बंदरावर गेलेला. लिलावात मासळी घ्यायची आणि बाजारात बसून विकायची. गुडघे दुखायला लागले तेव्हा मुलाने तिला शोभेच्या माशांचं दुकान घालून दिलं. जुन्या मैत्रिणी तिला चिडवायच्या, आधी खायचे मासे विकलेस, आता बघायचे विकतेस. ती शांतपणे सांगायची, "दोन्हीकडे डोळाच बगायचा. तिकडे मेलेल्याचा, हिकडे जित्याचा."

मी हेदवीकडचा. आमच्या घरात पदवी घेतलेला मी पहिलाच, तीही मत्स्यविज्ञानाची. घरोघरी माशांच्या टाक्या बसवून त्यांची निगा राखायची, हे माझं काम वडिलांना काही पटत नसे. पाळायचे तर खायचे कधी, असं ते विचारायचे. रत्नागिरीत मला मिळालेलं पहिलं मोठं काम म्हणजे एका दातांच्या डॉक्टरांच्या दवाखान्यातली टाकी. डॉक्टर घाटावरचे. टाकीत कोकण दिसलं पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. म्हणून मी हौसेने जांभ्या दगडाचे तुकडे रचले आणि त्यात तळहाताएवढा ऑस्कर मासा सोडला.

महिन्याभरात त्याचा डावा डोळा सुजून बाहेर आला. मी पुस्तक काढलं, जिवाणूंचा संसर्ग असं निदान केलं आणि पाच दिवस पाण्यात औषध घातलं. सूज तशीच राहिली, वर उजव्या डोळ्यावर साय धरली. मासा खाईना. दातदुखी विसरून पेशंट त्याच्याकडेच बघत बसायचे. शेवटी डॉक्टरांनी सांगितलं की आठवड्यात सुधारला नाही तर टाकी उचलून न्या. हे काम गेलं असतं तर मी बहुधा गावी परतलो असतो.

मावशी रिक्षातून उतरली आणि पेशंटांच्या बाकावर जाऊन बसली. अर्धा तास नुसती बघत होती. मग बोट पाण्यात बुडवून तिने वास घेतला आणि मला दगड बाहेर काढायला लावले. एका धारदार कडेला माशाचं खवलं चिकटलं होतं.

"डाव्या डोळ्याला दगड लागलाय," ती म्हणाली. "उजव्याला तू लागलायस." एकच डोळा बिघडला तर बहुधा मार, दोन्ही बिघडले तर पाणी, म्हणून तिचा तो पहिला प्रश्न.

माझ्या औषधाने टाकीच्या गाळणीतले, पाणी शुद्ध ठेवणारे चांगले जिवाणूही मेले होते आणि त्यामुळे पाणी खराब झालं होतं. हे मी परीक्षेत लिहून गुणही मिळवले होते. मावशीने औषध बंद करायला सांगितलं. रोज चौथा हिस्सा पाणी बदलायचं, तेही नळाचं क्लोरीन उडून जावं म्हणून आदल्या दिवशी भरून ठेवलेलं, आणि सूज उतरायला थोडं एप्सम सॉल्ट. बाकी हात लावायचा नाही. मला हेच सगळ्यात कठीण गेलं. तिसऱ्या दिवशी मी आणखी एक औषध घालू का म्हणून विचारलं, तर ती म्हणाली, "मेल्या, त्याला बरा होऊ दे की जरा."

आठवड्यात उजवा डोळा स्वच्छ झाला आणि मासा खायला लागला. डाव्याची सूज उतरली, पण बुबुळावर पांढरा डाग राहिला. त्या बाजूने त्याला आता दिसत नाही, हे मावशीने ओळखलं. डॉक्टर खूश होते. माशाला आजार होता, तो बरा झाला, एवढंच त्यांना सांगावं असं माझ्या मनात होतं. मावशीला ते चेहऱ्यावरून कळलं असावं.

"आजार सांगितलास तर डॉक्टर उद्या परत दगड घालायला लावील," ती हळूच म्हणाली. "खरं काय ते सांग."

मी सांगितलं. दगड माझा, औषध माझं, डाग माझ्यामुळे. डॉक्टरांनी दगडाच्या कडेवरून अंगठा फिरवला. मग त्यांनी तो बाहेर जास्वंदीच्या बुडाशी नेऊन ठेवला आणि पुढच्या सोमवारी किती वाजता येणार, ते विचारलं.

मावशी आता राजापूरला लेकीकडे असते. माझ्या चुका मी गिऱ्हाइकांना अजून स्वतःच सांगतो. त्यापायी दोन-तीन गिऱ्हाइकं तुटली. त्यांच्या टाक्यांतले मासे मात्र, ऐकतो, बरे आहेत.